परत तर नाही ना पाठवणार?

फोन आला तेव्हा मी वर्ग घेत होते. म्हैसूरला, नजरबादमधल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी जपानी शिकवते. त्या सकाळी मुली ‘उशीर झाला तर’, ‘बस चुकली तर’ अशी वाक्यं करत होत्या. फोनवर जपानचा नंबर दिसला, पण निर्मलादिदीचा नव्हता. वर्गात मी फोन घेत नाही, तरी हा घेतला. पलीकडून एक मुलगी जपानीत, अगदी ऑफिसात बोलावं तसं म्हणाली, “रेखा-सान बोलताय का?” मी हो म्हटलं. मग ती एकदम हिंदीत म्हणाली, “दिदी, मी सुस्मिता. निर्मलादिदी गेली.” कुठे गेली, असं मी विचारलं. खरंच विचारलं. तिनं सांगितलं ते असं की, दिदी वृद्धाश्रमात कामावर होती, एका आजींच्या पायात मोजे चढवत होती, चढवता चढवता जमिनीवर बसली, डोकं फार दुखतंय म्हणाली आणि पुन्हा उठली नाही. डोक्यात रक्तस्राव झाला होता. इस्पितळात दुसऱ्या दिवशी तिनं प्राण सोडला. मला लगेच रडू आलं नाही. आधी काळजीच वाटली. तिच्या आईला गावात कोणी सांगितलं असेल? कसं सांगितलं असेल? म्हातारी त्या वेळी एकटी तर नव्हती? जपानात दिदीबरोबर एका घरात राहून मला लागलेली सवय आहे ही. वाईट काही झालं की त्याच्या मागून आणखी काय येतंय, ते आधी बघायचं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. दिदीबद्दल मराठीत लिहायचं म्हणजे मला जरा धास्तीच वाटते, कारण आमचं मराठी म्हैसूरचं, निम्मं कानडीत भिजलेलं. आमचं घराणं रंगाऱ्यांचं. पूर्वी लष्कर मोहल्ल्यात आमच्याकडे कापड रंगवायचं, छापायचं काम चालायचं. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हातात येईतो त्याचं लग्नपत्रिका आणि बॅनर छापायचं दुकान झालं. अशा घरातून मी जपानला, फुकुओकाला भाषा शिकायला गेले. माझ्या वर्गात जवळजवळ सगळी मुलं नेपाळी होती. मीही त्यांच्यात अशी मिसळून गेले की दुकानात, बसमध्ये, शाळेच्या ऑफिसात, सगळीकडे मला नेपाळीच समजायचे. सुरुवातीला मी ‘नाही, भारतीय’ असं सांगायची. नंतर सांगायचं सोडून दिलं. त्यामुळे नेपाळी मुलांकडे तिथे लोक कसं बघतात, घर भाड्यानं देताना दलाल काय म्हणतो, सायकलवरून जाताना पोलीस थांबवून कार्ड का मागतात, हे मी आतूनच पाहिलं.

निर्मलादिदी वर्गात सगळ्यांत मोठी. बाकीची मुलं बारावी करून आलेली, ही पूर्व नेपाळच्या डोंगरातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवत होती. वडील नव्हते; आई आणि धाकटा भाऊ गावी. शाळेनं आम्हाला ज्या दुमजली लाकडी घरात ठेवलं होतं, तिथे आम्ही दोघी एका खोलीत होतो. तिचं हिंदी मालिका बघून शिकलेलं, माझं म्हैसूरच्या गल्लीतलं, दोघींचंही धड नाही. मला ती ‘बहिनी’ म्हणायची, म्हणजे नेपाळीत धाकटी बहीण. पहिल्याच दिवशी तिनं मला जिना कसा उतरायचा ते दाखवलं... कडेकडेनं, पायरीच्या मध्यावर पाय न देता, म्हणजे लाकूड वाजत नाही आणि खालच्या मजल्यावरचे जपानी आजोबा तक्रार करत नाहीत. जिऱ्याची फोडणी द्यायची तर खिडकी बंद करून. जळणारा कचरा कुठल्या वारी, न जळणारा कुठल्या, यात चूक झाली तर पिशवी तशीच दारात परत येते, म्हणून ती आदल्या संध्याकाळीच शेजाऱ्यांच्या पिशव्या निरखून यायची. बाहेर पडताना कोटाच्या आतल्या खिशातलं रहिवासी कार्ड चाचपायची. कोपऱ्यावर पुन्हा चाचपायची. शाळेतली हजेरी कमी तर झाली नाही? हॉटेलात चादरी बदलायच्या कामाचे तास विद्यार्थ्यांना ठरवून दिलेल्या तासांच्या वर तर गेले नाहीत? या सगळ्याच्या शेवटी तिचा एकच प्रश्न असायचा, “परत तर नाही ना पाठवणार, बहिनी?” मी हसायची. सुरुवातीला हसायची. मग हळूहळू मीही कार्ड चाचपायला लागले.

पहिल्या हिवाळ्यात तिला खोकला झाला. हीटर आम्ही फारसा लावत नव्हतो, सगळ्यांनाच खोकला होता, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मग शाळेत दरवर्षीप्रमाणे छातीचे एक्स-रे काढले आणि आठवड्याभरात तिला एकटीला ऑफिसात बोलावलं. मी कामावरून घरी आले तर खोलीत तिची गादी नव्हती. ती तिनं स्वयंपाकघराशेजारच्या बोळात नेऊन टाकली होती. ताट, वाटी, चॉपस्टिक, सगळं वेगळं काढलेलं. तोंडाला मास्क बांधून ती बोळाच्या टोकाला बसली होती आणि मी पुढे झाले तसा तिनं हात वर केला, “तिथेच थांब.” एक्स-रेमध्ये डाग दिसला होता. ऑफिसातल्या बाईंनी एक जपानी शब्द सांगितला होता, तो तिनं मोबाईलवर शोधला आणि तिला कळलं. क्षय. “बाबा त्यातच गेले,” ती म्हणाली, “गावानं आमच्या विहिरीवर यायचं सोडलं होतं.” तपासणीसाठी सरकारी आरोग्यकेंद्रात जायची वेळ तिला दुसऱ्या दिवशीची दिली होती. घरातल्या बाकीच्या मुलींना संध्याकाळपर्यंत कळलंच. त्यांतली सुस्मिता, वर्गातली सगळ्यांत लहान मुलगी, आपलं अंथरूण गुंडाळून मैत्रिणीकडे निघून गेली. जाताना ती बोळातून गेली नाही, मागच्या जिन्यानं अंगणात उतरून गेली. दिदीनं ते खिडकीतून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गातून परतले तेव्हा दिदी घरात नव्हती. आरोग्यकेंद्रात गेली असेल म्हणून मी भात लावला. तेवढ्यात शाळेतून फोन आला, ती केंद्रात पोहोचलीच नव्हती. मी तिला फोन लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला. हॉटेलात विचारलं, तिथे नाही. बोळात जाऊन पाहिलं तर तिची मोठी बॅग भरून, कुलूप लावून भिंतीशी उभी होती. बॅग इथे आणि माणूस नाही, म्हणजे काय समजायचं? सायकल घेऊन मी नदीच्या काठाकाठानं गेले. काठावर का गेले ते मी स्वतःलाही सांगत नव्हते. पुलाखाली दोन म्हातारे मासे धरत बसले होते, त्यांना विचारावं असं मनात आलं, पण ‘अशी अशी मुलगी पाहिली का’ याला जपानीत शब्द जुळेनात. सगळे शब्द येत होते, वाक्य होईना. तिथेच सायकल धरून मी पुन्हा फोन लावला आणि या वेळी तिनं उचलला. ती बोलली नाही, पण मागून घोषणा ऐकू आली, कुठल्याशा विमानाची.

फुकुओकाचा विमानतळ शहरातच आहे, भुयारी रेल्वेनं काही स्टेशनं, मग परदेशी विमानांच्या इमारतीकडे बस. मी पोहोचले तेव्हा दिदी वरच्या मजल्यावर, प्रवासी आत जातात त्या दारासमोरच्या बाकावर बसली होती. मास्क लावलेला, हात मांडीवर, बाजूचे सगळे बाक रिकामे असलेली जागा निवडून. तिकीट नव्हतं, काही नव्हतं. “काय करतेयस इथे?” मी जवळजवळ ओरडलेच. ती म्हणाली, “बघून ठेवत होते. पाठवलं तर इथूनच जावं लागेल ना. त्या दारातून आत जाताना रडू येऊ नये म्हणून आधीच बघून ठेवत होते.” मी तिच्या शेजारी बसले. ती उठून एक बाक सोडून बसली. मी पुन्हा शेजारी गेले. “तुलाही होईल, बहिनी.” मी म्हटलं, एका खोलीत झोपतोय आपण, व्हायचं ते होऊन गेलं असेल. हे मी धीर द्यायला म्हटलं खरं, पण शब्द तोंडातून बाहेर पडले तशी मीच गार पडले. तोपर्यंत तो विचार मी मनात येऊ दिला नव्हता. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. समोरून लोक आपल्या माणसांना हात हलवून आत जात होते.

सकाळी मी तिच्याबरोबर आरोग्यकेंद्रात गेले. तिथे इवामोतो-सान नावाच्या परिचारिका होत्या, पन्नाशीच्या, केस अगदी आखूड कापलेल्या. त्यांनी काल का आली नाहीस असं विचारलंच नाही. चित्रं असलेला एक कागद पुढे ठेवला आणि फुफ्फुसावर बोट ठेवून, वर्गात पहिल्या धड्याला बोलतात तेवढं सावकाश बोलायला लागल्या. औषध आहे. बरं होतं. औषध सरकार देतं. दिदी मान डोलवत होती, पण ती ऐकत नव्हती हे मला कळत होतं. शेवटी तिनं तिला येत असलेलं सगळं जपानी गोळा करून विचारलं, “परत पाठवणार?” इवामोतो-सान क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी कागद बाजूला सारला आणि म्हणाल्या, “जायचं नाही. इथेच राहायचं. इथेच बरं व्हायचं.” दिदीनं मला विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं. तिचा विश्वास बसेना. “पुन्हा म्हणायला सांग.” त्या पुन्हा म्हणाल्या. “आणखी एकदा,” दिदी म्हणाली, आणि त्या आणखी एकदा म्हणाल्या, अजिबात न कंटाळता.

पण काळजी एवढ्यानं संपत नव्हती. तिच्या थुंकीच्या तपासणीचा निकाल यायचा होता. रोग दुसऱ्याला लागेल असा निघाला तर इस्पितळात वेगळं ठेवणार होते. माझ्याही रक्ताची तपासणी केली, त्याचाही निकाल यायचा होता. ते दिवस कसे गेले ते आता सलग आठवत नाही. शाळेची मुख्य बाई दारात दिसली की दिदी पेन खाली ठेवायची असं मी लिहिणार होते, पण ती तर तेव्हा शाळेत येतच नव्हती. पेन खाली ठेवायची ती मी. घरून अप्पांचा फोन यायचा. “काय ग, आवाज असा का? ऊट झालं काय, जेवलीस काय?” मी म्हणायची, “झालं अप्पा, थंडी आहे जरा.” “मग गरम काही घे की. सुम्ने बसू नकोस तशीच.” पलीकडे दुकानातली कानडी गडबड ऐकू यायची. त्यांना सांगावं असं ओठावर यायचं आणि मग वाटायचं, सांगून ते तिथे काय करणार? दिदीनंही आईला कळवलं नव्हतं. दोघी आपापल्या घरी ‘थंडी आहे’ एवढंच सांगत होतो. माझा निकाल चांगला आला. तो कळल्यावर दिदी बोळातल्या आपल्या गादीवर बसून इतकी रडली की मला वाटलं तिचाच काही वाईट आला. तिचाही दोन दिवसांनी आला. इस्पितळात ठेवायची गरज नव्हती.

त्यानंतर अर्धं वर्ष औषध चाललं. रोज वर्गाच्या आधी एका औषधाच्या दुकानात जाऊन, दुकानदाराच्या समोर गोळ्या गिळायच्या, असं इवामोतो-साननी ठरवून दिलं होतं. दिदी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभी राहायची. बुडालेली हजेरी आजारपणात धरली, व्हिसा वाढवून मिळाला, हॉटेलनं पुन्हा कामावर घेतलं. बोळातली गादी खोलीत परत आली. सुस्मिता उन्हाळ्यात परतली, नजरेला नजर न देता. दिदीनं तिला वाढलं आणि म्हणाली, “मीसुद्धा पळालेच होते की. विमानतळापर्यंत.”

मी पुढे घरी आले. आई गेली आणि अप्पा एकटे पडले, म्हणून. दिदी तिथेच राहिली, वृद्धांच्या सेवेचं शिक्षण घेतलं, परीक्षा पास झाली, वृद्धाश्रमात पक्की नोकरी लागली. सुट्टीच्या दिवशी ती आरोग्यकेंद्रात असायची. कुणा नव्या नेपाळी मुलाच्या एक्स-रेत काही निघालं की इवामोतो-सान तिला बोलवायच्या. ती मुलाशेजारी बसायची आणि त्यानं विचारायच्या आधीच नेपाळीत सांगायची की परत पाठवत नाहीत. सुस्मिताला पोटाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात ठेवलं तेव्हा कागदावर जवळची व्यक्ती म्हणून सही दिदीनंच केली. मला मात्र फोनवर ती म्हणायची, “त्यांना सांगताना माझा आवाज खंबीर असतो बहिनी, पण टेबलाखाली पाय हलत असतात.”

गेल्या हिवाळ्यात ती म्हैसूरला आली. आयुष्यात पहिल्यांदा नुसती फिरायला म्हणून कुठे गेली असेल ती. अप्पांची आणि तिची भाषा जुळायचा प्रश्नच नव्हता. अप्पा आपल्या म्हैसूरच्या हिंदीत “आव बा, बैठो, काफी पीते?” म्हणायचे आणि ती ‘हाय, हाय’ करत, म्हणजे जपानीत हो हो म्हणत, कमरेतून वाकायची. अप्पा मला बाजूला घेऊन विचारायचे, “अय्यो, ही मला एवढी नमस्कार का करते ग? मी काय स्वामी आहे काय?” पण तीन-चार दिवसांत दोघं मिळून दुकानात जायला लागली. लष्कर मोहल्ल्यातल्या त्या गर्दीत तिला कोणी कार्ड विचारणार नव्हतं, तरी तिचा हात खिशाकडे जायचा. अप्पांनी ते पाहिलं. “काय शोधते ती सारखी?” मी सांगितलं. तेव्हापासून रस्ता ओलांडताना ते तिची पर्स स्वतः धरायला लागले.

एक दिवस तिला मी वर्गात बसवलं. माझ्याकडे सरगूरहून येणारी काव्या नावाची मुलगी आहे, नर्सिंग झालेली, जपानला जायची तयारी करतेय. तिनं विचारलं, “तुम्हाला भीती नाही वाटली, अक्का?” मी ते दिदीला जपानीत सांगितलं. दिदी हसून म्हणाली, “अजून वाटते. पण आता भीती वाटली की मी घरी बसत नाही, जाऊन विचारून येते.” काव्यानं ते वहीत लिहून घेतलं आणि दिदी एकदम लाजली.

त्याच दिवसांत ती मधूनच कपाळ दाबायची. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणायची. मी तिला ओढूनच आमच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब बराच वर होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, परत गेल्यावर नीट तपासण्या करून घ्यायला बजावलं. गोळ्या ती इमानानं घेत होती, हे मला सुस्मितानंही सांगितलं. तिथल्या डॉक्टरांकडे जायची वेळसुद्धा ठरलेली होती. आता रोज मनात तेच फिरतं... जरा आधीची वेळ मिळाली असती तर? त्या दिवशी कामावर गेली नसती तर? मी वर्गात मुलींकडून ज्या रचनेची वाक्यं करून घेत होते, त्या रचनेतून माझीच सुटका होत नाही.

तिला तिथेच अग्नी दिला. तिच्या आईला तेवढा प्रवास झेपणार नव्हता, भावाला व्हिसा वेळेत मिळाला नाही. जपानमध्ये दहनानंतर घरची माणसं दोघं दोघं मिळून चॉपस्टिकनं अस्थी उचलतात. घरचं कोणी नव्हतं, म्हणून सुस्मिता आणि इवामोतो-सान, आता निवृत्त झालेल्या, समोरासमोर उभ्या राहिल्या. सुस्मितानं आपला फोन एका मुलाकडे दिला होता. त्यात व्हिडिओ कॉलवर एका चौकोनात दिदीची आई होती, एका चौकोनात मी, गच्चीत उभी. मागे रांगेत किती तरी नेपाळी मुलं होती, कामाच्या गणवेशातच आलेली. आईनं एकदाच विचारलं, “माझी मुलगी आता परत येणार ना?” सुस्मिता म्हणाली, “मी घेऊन येतेय, आमा.” आणि ती घेऊन गेली, विमानात मांडीवर ठेवून. गावी पोहोचल्याचा तिचा निरोप येईपर्यंत मला कशातच मन घालता आलं नाही. कस्टमवाले अडवतील का, बस दरीच्या रस्त्यानं जाते, पाऊस आहे का... निरोप आला, ‘पोहोचलो’. दोघींबद्दल लिहिलं होतं तिनं.

वर्ग पुन्हा सुरू झाला आहे. काव्याचा व्हिसा आलाय, तिची आई रोज फोन करून मला नाही नाही ते विचारते आणि मी माहीत असेल तेवढं सांगते. परवा वर्ग सुटायच्या आधी मी सहज बाहेर डोकावले तर अप्पा पायरीवर बसलेले, गुडघे दुखत असूनही वाकून मुलींच्या चपला उचलत होते. आमच्याकडे चपला पायरीखाली ढिगानं पडलेल्या असतात, तोंडं कुठेही. अप्पा एकेक जोड घेऊन, टाचा आपल्याकडे, टोकं फाटकाकडे, अशा ओळीनं मांडत होते. “हे काय करताय?” मी विचारलं. “निर्मला करायची की,” ते म्हणाले, “इथे होती तेव्हा रोज. तू आत शिकवत असायचीस, तुला कुठलं दिसणार. मी विचारलं तिला, का बा? तर हातानं करून दाखवलं... घाईत निघायला लागलं कुणाला, तर चप्पल तरी सरळ मिळावी.” काव्याची चप्पल त्यांच्या हातात होती, अंगठ्याचा पट्टा सैल झालेली. तो त्यांनी ओढून पाहिला, बोटानं आत सारला आणि जोड ओळीत ठेवला. आत वर्ग सुटला. मुली बोलत बोलत बाहेर आल्या, चपलांत सरळ पाय घातले आणि फाटकाबाहेर पडल्या. खाली कोणी पाहिलंसुद्धा नाही.